वाढीव हाका

घरातलं विजेचं मीटर सकाळपासून टिटिट करत होतं, म्हणून नोरीन भर दुपारी दुकानात गेली. मीटरमध्ये घालायचं विजेचं कार्ड, पीठ, चहा आणि बरी मिळाली तर कांगारूची एक गोठवलेली शेपटी, एवढंच आणायचं होतं. ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा गाड्यांखालून बाहेर यायला राजी नव्हती. मॅकी बोअर या गावाला दुकान एकच आणि दुकानदारही एकच, मर्व. गोरा, जाडजूड, बायको सोडून गेलेला. गल्ल्यामागच्या पडद्यावर दिवसभर काही ना काही लावून बसायचा आणि गिऱ्हाइकाकडे अर्ध्या डोळ्याने बघायचा.

नोरीन फ्रीजमध्ये वाकून शेपट्या उलट्यापालट्या करत होती. तेवढ्यात पडद्यातून एक बाई जीव तोडून ओरडली.

"डंकन!"

नोरीनच्या हातातली शेपटी खाली पडली. वीसेक वर्षांत हे नाव त्या गावात कुणी तोंडातून काढलेलं नव्हतं.

तिच्या माणसांत, म्हणजे या देशाच्या मूळ रहिवाशांत, रीतच तशी आहे. माणूस गेला की त्याचं नावही गप्प होतं. त्याच नावाचा दुसरा कुणी गावात असला, तर त्या दिवसापासून त्याला कुमंजाई म्हणायचं. गॅरेजवाला गोरा डंकनही तेव्हापासून कुमंजाई झाला. त्याने कुरकुर केली नाही, उलट पाटी रंगवून घेतली, 'कुमंजाई मोटर्स'. बहुतेक वेळा काही वर्षांनी मोठी माणसं नाव मोकळं करतात आणि ते पुन्हा एखाद्या पोराला मिळतं. हे नाव मात्र मोकळं झालं नव्हतं. मेलेल्याची थोरली बहीण पर्ल, जिला सगळा गाव आंटी म्हणायचा, ती विषय काढला की म्हणायची, "अजून नाही. तो अजून पाण्यात आहे."

मेलेला म्हणजे नोरीनचा नवरा. आणि त्याचं नाव लावणारा आणखी एकजण होता, तिचा एकुलता एक मुलगा. बाप असतानाच हौसेने त्याला बापाचं नाव ठेवलं होतं. बाप गेला तेव्हा पोर कडेवर होतं. तेव्हापासून तोही कुमंजाई.

"मर्व, बंद कर ते," नोरीन म्हणाली.

"अगं, आत्ता तर रंगतंय. चौथा भाग आहे, नदीचा..."

"बंद कर म्हणते ना!"

मर्वने तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "अरे देवा. हा तो आपला गुरांचा सिनेमा. पण त्यात ती बाई 'कप्तान' म्हणून ओरडायची ना? मला चांगलं आठवतंय."

पडदा काळा झाला. नोरीन कार्ड घेऊन बाहेर पडली. पीठ तिथेच राहिलं.

त्या सिनेमाचं खरं नावही गावात कुणी घेत नसे. गुरांचा सिनेमा, बस्स. गोष्टीत शंभर वर्षांपूर्वीचा काळ, हजारभर गुरं, घोडे, राजधानीतून आलेली नटी, परदेशातून आलेला हिरो. सिनेमावाले आले तेव्हा नदीत नुसती वाळू होती. मग वरच्या अंगाला पाऊस झाला आणि म्हाताऱ्यांनी सांगितलं की लोंढा येतोय, आज नदीत जाऊ नका. दिग्दर्शकाला नेमकं तेच हवं होतं. खरं पाणी, खरी गुरं, आणि गुरांमागे गावातली खरी माणसं. हिरो अर्थात तंबूत होता. गोष्टीतल्या हिरोचं नाव डंकन निघालं, तेव्हा लोकांना केवढी मजा वाटली होती. "कुठला डंकन? गोरा की खरा?" दिवसभर हेच चालायचं, आणि नोरीनचा नवरा सगळ्यांच्या वरताण हसायचा.

गुरं पाण्यात घातली तेव्हा लोंढा वळणापाशी आला होता. नवरा कमरेइतक्या पाण्यात कळपामागे होता. सरळ पुढे गेला असता तर काठ दहा पावलांवर होता. इतक्यात मागून, पलीकडच्या काठावरून, नटीने तिच्या वाट्याची हाक मारली. हाक हिरोला होती आणि वळला हा. नावाने कुणी बोलावलं की माणूस वळतोच, त्यात त्याची काय चूक? तो मागे बघत उभा राहिला आणि पाणी त्याच्यावरून गेलं. नोरीनने काठावरून ते बघितलं. त्या हाकेची तिला अजून चीड येते, आणि ज्यांनी नंतर त्याला 'अपघात' म्हटलं त्यांची तर फारच.

सगळ्या सिनेमावाल्यांत एकच बाई तिच्या दारी आली होती. ग्लेनिस, सिनेमा कापणारी आणि जोडणारी. झाडाखाली बायकांत मातीवर बसली, बरंच रडली आणि म्हणाली, "कात्री माझ्या हातात आहे. तो तुकडा कुणाला दिसणार नाही आणि ते नाव कुणाला ऐकू येणार नाही." तिने शब्द पाळला. नटीला पुन्हा बोलावून सगळ्या हाका नव्याने भरून घेतल्या. डंकनचा 'कप्तान' झाला. सिनेमा आला, चार दिवस गाजला आणि गेला. पडद्यावर बाई ओरडते 'कप्तान', ओठ मात्र वेगळेच हलतात. समीक्षकांनी त्यावरून खिल्ली उडवली. उडवेनात का!

नोरीनने घरी येऊन सिडनीला फोन लावला. पलीकडे आवाज म्हातारा झालेला होता, पण ओळखू आला.

"ग्लेनिस, मी नोरीन. मॅकी बोअरहून."

ग्लेनिस म्हणाली, "तू पाहिलंस."

"ऐकलं."

"मीच केलंय ते, नोरीन. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. कंपनीला सिनेमा लांबवून मालिका हवी होती. सहा भाग. आम्ही कापून टाकलेलं सगळं पेट्यांतून काढलं. त्यात मूळचंच नाव. नटीला म्हटलं पुन्हा आवाज दे, तर तिचा आवाज आता आजीबाईचा झालाय. मग आमचा साहेब, प्रेस्टन नावाचं कार्टं आहे, तो म्हणाला, जुन्या तुकड्यात कप्तान आणि नव्या तुकड्यात डंकन, लोक गोंधळतील. सगळीकडे डंकनच ठेवा."

"तू मला शब्द दिला होतास."

"सांगितलं मी त्याला. तो म्हणाला, तो शब्द सिनेमाबद्दल होता. ही मालिका आहे."

नोरीन हसली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण रडू येईना म्हणून हसली. "तुमचा एक पोरगा आला होता इथे, गोड बोलणारा. मेलेल्याचं चित्र दाखवणार नाही, आवाज वापरणार नाही, सुरुवातीला पडद्यावर तशी पाटीही लावू, म्हणाला. चहा पिऊन गेला."

"पाटी लावलीय."

"आणि नाव?"

"नाव हिरोचं आहे ना. हिरो जिवंत आहे." पुढचं ग्लेनिस अगदी हळू बोलली. "नोरीन, आणखी एक... तुझा नवरा वळतो तो तुकडा मी वापरलेला नाही. पेटीतून काढलासुद्धा नाही. पण ती हाक मारते ना, तेव्हा मागे पाण्यात... कुणीतरी वळतं. मी खूपदा पाहिलं. जितक्यांदा लावलं, तितक्यांदा वळलं. सिनेमात ती एकदाच ओरडायची. मालिकेत मी सगळ्या हाका घातल्यात... वेळ भरायचा होता."

आंटी पर्लला हे सांगितलं तेव्हा ती अंगणात चुलीतली राख उकरत होती. तिने काठी खाली ठेवली.

"सिनेमा बरा," ती म्हणाली. "लागायचा आणि संपायचा. हे तर लोकांच्या खिशात आहे. हा झोपला की तो लावतो, इथे रात्र झाली की तिकडे दिवस उगवतो. म्हणजे कुठे ना कुठे ती त्याला बोलवतच असणार, नाही का? आणि बोलावलं की तो वळणार. वळला की पुन्हा ते पाणी त्याच्या अंगावर." तिचा आवाज फाटला. "माझ्या भावाला एकदा मारून यांचं पोट भरलं नाही गं."

नोरीनने खाली ठेवलेली काठी उचलून तिच्या हातात दिली.

"ते जाऊ दे. मेलेल्याचं मी बघते, धूर करते, गाणं म्हणते," पर्ल डोळे पुसत म्हणाली. "तू तुझ्या पोराकडे बघ. नाव दोघांचं आहे. मेलेल्याने ओ दिली तर दिली. जिवंत पोराने द्यायला नको."

पोरगा विशीतला. गुरांच्या कुंपणावर काम करायचा, फारसा बोलायचा नाही. त्या आठवड्यात तो कामावरून आला की ओसरीवरच्या गादीवर पडून फोन बघायचा, कानात फोनची बोंडं घालून. नोरीनने जेवायला हाका मारल्या तरी त्याला पत्ता नसे. एकदा तिने एक बोंड ओढून काढलं. आतून बारीक आवाज आला, आणि त्या बारीक आवाजातही ते नाव स्पष्ट होतं.

"किती वेळा बघशील तेच तेच?"

"मम, ही बाई माझं नाव घेते."

"तुझं नाही ते."

"मग कुणाचं? दवाखान्याच्या कार्डावर तेच आहे, लायसन्सवर तेच आहे." तो छताकडे बघत बोलत होता. "मला आख्ख्या जन्मात कुणी त्या नावाने बोलावलं नाही. शाळेत नाही, मैदानावर नाही. तू पण नाहीस. ही कशी बोलावते बघ ना... मी नसलो तर मरेल की काय, असं बोलावते."

नोरीनच्या जिभेवर नाव आलं होतं. पोराला पोटाशी घेऊन शंभरदा म्हणावं असं तिला वाटलं. तिने ते गिळलं आणि त्याच्यापुढे ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याचे कपडे धुवायला घेतले. जीन्सचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते. पिळले तर गढूळ, तांबडं पाणी निघालं. त्याला वास होता. चिखल, शेण, झाडांच्या भिजलेल्या साली. नदीला लोंढा येतो तेव्हाच तो वास येतो, आणि नदीत तर कित्येक महिने टिपूस नव्हता.

"कुठे गेला होतास?"

"कामावर."

"आणि मग?"

"वाळूत बसलो होतो जरा... तिथे नीट ऐकू येतं."

नोरीनने फोन पिठाच्या डब्यात लपवला. तो डब्यात वाजत राहिला. चार्जिंग संपून काळा पडला तरी वाजत राहिला, आणि पोरगा शांतपणे डबा उघडून तो घेऊन गेला. ती आडवी आली नाही. त्याने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात ओळख नव्हती.

त्या दुपारी पर्लच हाका मारत आली. "नोरीन! कुत्री बघ काय करतायत!"

गावातली सगळी कुत्री नदीच्या काठावर ओळीने उभी होती. एकही भुंकत नव्हतं. शेपट्या पोटात घालून ती सगळी पात्राकडे बघत होती. वारा पडलेला होता. काठावरच्या पांढऱ्या झाडांची पानंही हलत नव्हती. पोरगा वाळूच्या मधोमध होता आणि पलीकडे चालला होता.

नोरीनची नजर त्याच्या चालण्यावर गेली. कोरड्या वाळूत माणूस असा चालत नाही. तो पुढे झुकून, हात वर धरून, एकेक पाऊल रेटत चालला होता. पाणी कमरेला लागलं की माणूस चालतो तसा. त्याच्या पॅन्टवरचा ओला डाग मांड्यांच्या वर चढत होता. आजूबाजूची वाळू मात्र उन्हात चकाकत होती. आणि पलीकडच्या काठावरून, जिथे कुणीही नव्हतं तिथून, ती बाई ओरडत होती. एक हाक संपते न संपते तोच दुसरी.

"कुमंजाई!" नोरीन ओरडली. "अरे कुमंजाई! माघारी फिर!"

तो थांबला नाही.

"बाळा! ए! इकडे बघ!"

वळणाच्या बाजूने आता आवाज यायला लागला. खोल, घरघरता. दोघींनीही तो आधी एकदा ऐकलेला होता. वळणाकडे पाहिलं तर नुसतं ऊन.

नोरीन वाळूत उतरायला निघाली, तशी पर्लने तिचा दंड पकडला. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नसतं. "जाऊ नकोस. तुलाही नेईल."

"मग बोलावते."

"नाव नको घेऊस, नोरीन... दोघं ऐकतील."

"पोरगं चाललंय माझं, आंटी!"

"दोघं ऐकतील गं..."

पोराचे आता नुसते खांदे पाण्यावर होते असं नोरीनला दिसलं. खरं तर तो पुरता दिसत होता, पायांपर्यंत, तरी तिला दिसलं ते तसंच. वीस वर्षं ती एक शब्द दातांखाली धरून जगली होती. रडताना नाही, तापात नाही, स्वप्नातसुद्धा तिने तो सुटू दिला नव्हता. तिने डोळे मिटले आणि पोटातून, होता नव्हता तेवढा जीव एकवटून हाक मारली.

"डंकन!"

पलीकडची बाई एकदम गप्प झाली. घरघर थांबली. कुत्री पळाली.

पोरगा वळला. आईला बघून गोंधळला, आणि धडपडत, ठेचकाळत माघारी आला. काठावर आल्या आल्या त्याला उलटी झाली. तांबड्या पाण्याची उलटी. नोरीनने त्याचं डोकं छातीशी धरलं आणि ते नाव त्याच्या कानात पुन्हा पुन्हा म्हटलं. लपवायचं आता काय राहिलं होतं? तो लहान मुलासारखा रडत होता.

पर्ल काठावरच्या वाळूत बसली होती. ती पोराकडे बघत नव्हती, त्याच्या मागे बघत होती.

"काय पाहिलंस?" नोरीनने विचारलं.

"काही नाही."

"आंटी..."

"काही नाही म्हटलं ना. पोराला घरी ने आणि खाऊ घाल." ती उठली, डोक्यावरून फडकं ओढलं आणि घराकडे गेली. नंतरही त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

पोरगा सुधारला. फोन नदीतच कुठेतरी पडला होता, तो शोधायला कुणी गेलं नाही. तो पुन्हा जेवायला लागला, मर्वच्या दुकानात जाऊन चकाट्या पिटायला लागला. नोरीन त्याला आता घरात नावाने हाक मारायची, दार लावून, हळू. हाक मारली की त्याचा चेहरा असा उजळायचा की तिला स्वतःचीच लाज वाटायची. एवढी साधी गोष्ट पोराला तिने इतकी वर्षं दिली नव्हती.

मग एका संध्याकाळी चहा उकळत असताना ग्लेनिसचा फोन आला.

"नोरीन... तू कधी आवाज दिलास?"

"कसला आवाज?"

"चौथ्या भागात. नदीपाशी नटी तोंड उघडते आणि आवाज तुझा येतो." ग्लेनिसला धाप लागली होती. "मी सगळं शोधलं. आमच्याकडच्या एकाही प्रतीत तो आवाज नाही. पण लोकांच्या घरात लावलं की येतो. सगळ्यांच्या घरात."

नोरीनने चुलीचा गॅस बारीक केला. "काढून टाक."

"मी काढायला सांगितलं. प्रेस्टन म्हणतो, लोक वेडे झालेत. अख्खा भाग कुणी बघतच नाही, तेवढी हाक पुन्हा पुन्हा लावतात आणि रडतात. इतकं खरं दुःख पडद्यावर कधी ऐकलं नाही म्हणे. ते काढणार नाहीत, नोरीन. जाहिरातीतसुद्धा घातलंय."

नोरीन भिंतीला टेकली. नटी परकी होती. परक्या बाईच्या हाकेला माणूस वळेल, बघेल, आणि पुन्हा बुडेल. पण ही त्याच्या बायकोची हाक होती. वीस वर्षं तो याच हाकेची वाट बघत पाण्यात उभा असेल, तर? आणि आता ती हाक जगभरात दिवसरात्र त्याला बोलवत होती. तिला ती थांबवता येत नव्हती. आणि खरं सांगायचं तर, तिच्या मनाच्या एका कोपऱ्याला ती थांबायला नकोच होती.

"नोरीन, ऐकतेयस ना? आता हाकेनंतर... कुणीतरी ओ देतं. पुरुषाचा आवाज आहे. 'आलो' म्हणतो. परवा लांबून येत होता. काल जवळून..."

"आज?"

"आज तो आवाजच नाही. तुझी हाक आहे, पण ओ नाही. आज सकाळपासून नाही."

फोन तिच्या हातात तसाच राहिला. पुढच्या खोलीतून पोराचा आवाज आला, अगदी रोजचा, तोंडात घास असलेला.

"मम, बाहेर कोण आहे गं? कधीचा नुसता 'आलो, आलो' करतोय. मी म्हटलं, मग ये की आत."